दाराजवळची जागा

ठोंबरेबाई माझ्यावर रागावल्या त्याला तीसेक वर्षं होऊन गेली, पण तेव्हा त्यांनी मला जे सुनावलं ते अजून जसंच्या तसं कानात आहे. एरवी माझी स्मरणशक्ती अशी, की बायकोने सांगितलेल्या चार वस्तूंपैकी दोन मी बाजारातच विसरून येतो. बाईंची बोलणी मात्र मी आजही एक शब्द न गाळता म्हणून दाखवीन.

परवा त्या आठवल्या पुतण्याच्या मुलीला पहिल्या दिवशी शाळेत सोडायला गेलो तेव्हा. फाटकाला फुगे बांधले होते. 'हसतखेळत स्वागत' असा फलक होता, आणि त्या फलकाखाली पंधरा-वीस पोरं छाती फुटेस्तोवर रडत होती. कुणीतरी माइकवरून सांगत होतं, "पालकांनी मागे वळून बघू नये. दोन दिवसांत गप्प होतात." मला वाटलं, आता कुठून तरी एक काळी छत्री येणार आणि त्या माइकवर आपटणार. आली नाही. मी पालकांच्या घोळक्यात निमूट उभा राहिलो. निमूट उभं राहणं मला चांगलं जमतं, त्याचा दाखला पुढे येईलच.

"गप्प झालं म्हणजे रुळलं, असं कोणी सांगितलं तुमाला?" हे ठोंबरेबाईंचं वाक्य. "गप्प तर मार खाल्लेलं जनावर पण होतं."

रोह्याला आमच्या आळीजवळच्या प्राथमिक शाळेत त्या तिसरीचा वर्ग घ्यायच्या. राहायला निडीला, घर शेतकऱ्याचं, भाताचं आणि वालाचं. सकाळच्या गाडीने यायच्या, संध्याकाळच्या गाडीने जायच्या. तेव्हा पुढे कोकणात जाणारी रेल्वे व्हायची होती, गाडी रोह्यालाच संपायची. स्टेशनापासून पूल ओलांडून बाई चालत यायच्या. पदर कमरेला खोचलेला, हातात बारा महिने छत्री. ती छत्री मी त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर फार क्वचित पाहिली. पावसात ती एखाद्या भिजणाऱ्या पोरावर धरलेली असायची आणि बाई शेजारून भिजत चालायच्या. तिचा खरा उपयोग हेडसरांच्या टेबलावर आपटण्यासाठी होता.

मोठ्यांशी भांडायचं ते उभं राहून आणि लहानांशी बोलायचं ते खाली बसून, अशी त्यांची पद्धत होती. नवीन मूल वर्गात आलं, की बाई खुर्ची सोडून जमिनीवर फतकल मारायच्या आणि त्याच्याकडे न बघता वह्या तपासायला लागायच्या. आठ दिवस त्याला एक प्रश्न विचारायचा नाही. काम मात्र द्यायचं. खडू वाटायचे, खिडकीचा अडसर काढायचा, फळा पुसायचा. "परक्या घरात गेल्यावर हाताला काम असलं की माणसाला बरं वाटतं. प्रश्न विचारले की पळून जावंसं वाटतं. पोरांचं वेगळं असतं काय?"

वर्गात त्या पुस्तकातली मराठी बोलायच्या. राग आला की निडीची. शाळेतले मास्तर म्हणायचे, बाई 'नाही' म्हणाल्या तर अजून बोलायला जागा आहे; 'नाय' म्हणाल्या की उठून चहाला जावं.

हेडसर शिस्तीचे भोक्ते होते. नवीन मुलाने प्रार्थनेनंतर पायरीवर उभं राहून सगळ्या शाळेसमोर आपली ओळख करून द्यायची, ही त्यांनी सुरू केलेली प्रथा. नाव, गाव, वडील काय करतात, घरी कोण कोण असतं. एकदा नदीपलीकडच्या कातकरी वाडीतली एक मुलगी पायरीवर उभी राहिली. वडील काय करतात, या प्रश्नाला तिने "कायबी नाय" असं उत्तर दिलं. अख्खी शाळा हसली, आणि दुसऱ्या दिवसापासून ती मुलगी आली नाही. बाई दोनदा वाडीवर जाऊन आल्या, तरी नाही.

पुढच्या शनिवारी शिक्षकांची बैठक भरली. बाई उठल्या आणि म्हणाल्या, "सर, जरा उभे राहा."

सर सवयीने उभे राहिले.

"नाव सांगा. गाव सांगा. घरी कोण कोण असतं? बायकोशी बोलणं होतं का? मोठा मुलगा काय करतो?"

सरांचा मोठा मुलगा बारावीला तिसऱ्यांदा बसला होता, हे रोह्यात सगळ्यांना ठाऊक होतं. सर लालबुंद झाले. "बाई, हा काय प्रकार आहे?"

"ओळख," बाई म्हणाल्या. "आमी हसलो नाय, बघा. मोठी माणसं हाव ना."

प्रथा बंद झाली. पण सर तो शनिवार विसरले नाहीत, आणि ती मुलगी तर परत आलीच नाही. बाईंना पहिल्या गोष्टीची फिकीर नव्हती. दुसरीची आयुष्यभर होती.

आता कल्पू.

कल्पू माझ्या बहिणीची मुलगी, पेणची. भावजी गणपतीच्या कारखान्यात मूर्तीकाम करायचे. माझी ताई मे महिन्यात वारली, मुंबईच्या दवाखान्यात, पंधरा दिवसांच्या आजारात. कल्पू तेव्हा आठ वर्षांची होती. पेणला मे संपला की कारखान्यांत मान वर करायला फुरसत नसते, म्हणून भावजींनी तिला माझ्याकडे आणून सोडलं. आणि आम्ही सगळ्या शहाण्या माणसांनी मिळून ठरवलं, की पोरीला आत्ताच काही सांगायचं नाही. आई दवाखान्यात आहे. तू चार दिवस मामाकडे राहा. मग पेणला जायचं आहे.

हे ठरवताना आम्हाला आपण फार हळवे आणि समंजस आहोत असं वाटलं होतं. मला तर जरा जास्तच. मी कंपनीत टाइमकीपर होतो, सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा माझ्याकडे असायच्या. चार दिवसांचे दोन महिने झाले, हे मात्र माझ्या ध्यानात आलं नाही.

शाळेत घातल्यावर कल्पूने एकच गोष्ट केली. चप्पल काढली नाही.

आमच्या शाळेत चपला व्हरांड्यात रांगेने काढून मुलं अनवाणी वर्गात जायची. वर्गात सरस्वतीचा फोटो होता. कल्पू चप्पल घालून दारापाशी उभी राहिली आणि हलेना. बोलेना. रडेना पण. कोणी हाताला धरलं, की दाराची चौकट घट्ट पकडायची.

बाईंनी दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी खडू घेतला, दारापासून हातभर आत एक रेघ मारली आणि वर्गाला सांगितलं, "आजपासून रेघेच्या पलीकडे व्हरांडा. व्हरांड्यात चप्पल चालते. बस गो कल्पू, तुझी जागा व्हरांड्यात."

कल्पू रेघेच्या पलीकडे बसली, चपलेसकट. पाटी मांडीवर, तोंड दाराकडे.

आठवड्याने हेडसर पाहणीला आले. "बाई, सरस्वतीसमोर चप्पल?"

"कुठे, सर? ती व्हरांड्यात बसलीय."

"हा वर्ग आहे!"

"ही रेघ बघा. पोरांना विचारा वाटलं तर."

तिसरीची चाळीस पोरं एका सुरात ओरडली, "व्हरांडाऽऽ!"

सर परत गेले आणि त्यांनी मला बोलावून घेतलं. सरांची मराठी अशी, की ऐकताना शर्टाचं वरचं बटण लावावंसं वाटावं. "हे पाहा, आपल्या भाचीची मनोवस्था मी जाणतो. परंतु एका मुलीकरिता शाळेचे वळण बिघडविता येत नाही. महिनाअखेरपर्यंत सुधारणा न झाल्यास मला तिचा दाखला पेणला परत पाठवावा लागेल. शेरा लिहून. 'शाळेत बसण्यास अयोग्य.' असा शेरा पुढे कोणतीही शाळा वाचते, हे आपणांस ठाऊक असेलच."

हा कागद आठ वर्षांच्या मुलीच्या मागे लागणार. शाळा गेली तर तिने जायचं कुठे? भावजींकडे कारखान्यात?

"उपाय सोपा आहे," सर म्हणाले. "चप्पलच नसेल, तर प्रश्न उरतच नाही."

आणि मला ते पटलं. हे मी कबूल करतो, कारण घरातली पोरंटोरं ही गोष्ट माझ्याकडून ऐकायला बसली, की आज चाळिशीला आलेली कल्पूच मागून ओरडते, "मामा, आधी तुझं सांग! तू काय केलंस ते!" तर मी काय केलं, ते हे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची चप्पल तांदळाच्या पिंपामागे लपवली आणि म्हणालो, "शिवायला टाकलीय. उद्या मिळेल." कल्पूने माझ्याकडे पाहिलं. अनवाणी शाळेत गेली. मी खुशीत शिफ्टला गेलो.

त्या दिवशी ठोंबरेबाई वर्गात नव्हत्या. सरांनीच त्यांना कसले तरी तक्ते घेऊन तालुक्याच्या ऑफिसात पाठवलं होतं, आणि "तिसरीकडे मी बघतो" असं सांगितलं होतं. त्यांनी बघितलं, ते असं. पहिल्याच तासाला फडकं मागवून रेघ पुसून घेतली आणि कल्पूला तिसऱ्या रांगेत मधोमध बसवलं. अनवाणी असल्याने प्रश्न मिटला होता. मग ते आपल्या खोलीत गेले.

मधल्या सुट्टीनंतर कल्पू जाग्यावर नव्हती.

मला कंपनीत निरोप आला तेव्हा तीन वाजले होते. विहिरी पाहिल्या, नदीचा घाट पाहिला. श्रावण सरत आलेला, कुंडलिका भरून चाललेली. पुलावर उभा राहून मी खाली पाहिलं. तेवढ्यात स्टेशनावरून निरोप घेऊन हमाल आला. निडीच्या गँगमनला रुळांच्या कडेने पेणच्या दिशेने चालत जाणारी एक पोरगी सापडली होती. कुठे निघालीस विचारलं तर बोलत नव्हती. शाळेची पाटी पाहून त्याने तिला गावातल्या मास्तरीणबाईंच्या घरी नेऊन सोडलं होतं.

रोह्यापासून निडीपर्यंत, रुळांतल्या खडीवरून, अनवाणी.

उसन्या स्कूटरवरून मी पोचलो, तेव्हा बाई नुकत्याच गाडीतून उतरून घरी आल्या होत्या. अंगणात घमेल्यात कोमट पाणी होतं आणि त्यात कल्पूचे पाय. बाई खाली बसून एकेक खडा काढत होत्या. मला पाहून त्या उठल्या. उठल्या तेव्हाच मी ओळखलं.

"चप्पल कुठाय हिची?"

"ती... शिवायला..."

"खरं बोला."

"पिंपामागे."

"कोणी ठेवली?"

"मी."

"का?"

मी सरांचं नाव घेतलं. बाईंनी ते हाताने उडवून लावलं. "त्यांचं मी बघते. तुमी मामा हाव ना हिचे? तुमाला एवढं कळू नये? अहो, जिला कधी पण घरी न्यायला येतील असं सांगितलंय, ती चप्पल काढील कशी? ती तयार होऊन बसली होती, दोन महिने! तुमी चप्पल काढून घेतली तवा तिला वाटलं, आता कोणी न्यायचं नाय. म्हणून आपली आपण निघाली. ही पोर बिघडलेली नाय. तुमच्या शब्दावर चालणारी सगळ्या रोह्यात ही एकटीच हाय!"

मी खाली मान घातली. शेजारची एक म्हातारी कुंपणापाशी येऊन उभी राहिली होती आणि समाधानाने मान डोलवत होती.

बाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "आई खरंच दवाखान्यात हाय?"

मी नुसती मान हलवली. नाही.

"कधी?"

"मे महिन्यात."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. छत्री जवळ नव्हती, हे माझं नशीब. "मला पण नाय सांगितलंत. मी आठ-आठ दिवसांनी तिला सांगतेय, आई बरी होईल. मला पण खोटं बोलायला लावलंत तुमी." मग माझ्या दंडाला धरून म्हणाल्या, "बसा खाली. सांगा तिला."

"मी? बाई, तुम्ही जर जरा समजावून..."

"मामा तुमी का मी?"

मी ओल्या अंगणात बसलो. कसं सांगितलं ते सांगत नाही. वाक्य एकच होतं आणि त्याला मी तीन वेळा सुरुवात केली. कल्पू घमेल्यातल्या पाण्याकडे बघत होती. मग ती रडली, दोन महिन्यांचं एकदम. बाईंनी "रडू नको" म्हटलं नाही. मी म्हणायला तोंड उघडलं, तर त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं.

रडणं ओसरल्यावर कल्पूने बाईंना विचारलं, "मग माझी शाळा कुठली?"

"ही. रोह्याची. माझा वर्ग."

"नक्की?"

बाई थांबल्या. त्या कधीच उगाच शब्द देत नसत. "उद्या सांगते नक्की," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई हेडसरांच्या खोलीत गेल्या. दार लावलेलं होतं. छत्रीचा आवाज एकदाच आला. मला दहा वाजता आत बोलावलं. टेबलावर एक जबाब लिहून ठेवलेला होता. सदर दिवशी मुलगी शाळेतून निघून गेली. त्या वेळी वर्गशिक्षिका वर्गात हजर नव्हत्या. वर्गात मुलीस वेगळी वागणूक देण्यात येत होती. खाली माझ्या सहीसाठी जागा.

मी दोनदा वाचला. प्रत्येक वाक्य खरं होतं. सगळी मिळून धादांत खोटी. बाईंना ऑफिसात कोणी पाठवलं ते त्यात नव्हतं, रेघ कोणी पुसली ते नव्हतं. पिंपही नव्हतं. मी बाईंकडे पाहिलं.

"करा सही," बाई म्हणाल्या. "माझं आणि सरांचं बोलणं झालंय. चौकशी होणार ती माझी. पोरीच्या दाखल्यावर शेरा नाय, आणि तिला वर्गातून उठवायचं नाय. सर, आता यांच्यासमोर बोला."

सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तसे ठरले आहे."

त्या वेळी मी काय म्हणायला हवं होतं, ते मला आता चांगलं ठाऊक आहे. तीस वर्षांत त्या खोलीत मी किती तरी तडाखेबाज भाषणं केली आहेत, अंघोळ करताना, शिफ्टला जाताना. एका भाषणात तर मी टेबलाची काचसुद्धा फोडतो. प्रत्यक्षात मी खिशातलं पेन काढलं आणि सही केली. वर तारीख घातली, टाइमकीपरच्या सवयीने वेळही घातली. ज्याच्या चुकीने पोर मरता मरता वाचली, तो साक्षीदार झाला. ज्याने रेघ पुसली, तो चौकशी करणारा झाला. आणि जिने तिच्या पायांतले खडे काढले, ती गुन्हेगार. हा संताप मी कितीदा तरी कल्पूला, पोरांना, बायकोला ऐकवला. बायको म्हणते, "तेव्हा एक वाक्य बोलला असतात, तर आम्हाला एवढं ऐकावं लागलं नसतं."

बाईंनी रेघ पुन्हा मारली. सर त्यावर काही बोलू शकले नाहीत. कल्पूला सगळं कळल्यावरही चप्पल सुटायला तीन आठवडे लागले. बाईंनी तिला एकदाही विचारलं नाही. एका सकाळी ती अनवाणी आत जाऊन बसली, तेव्हाही बाई वह्याच तपासत होत्या.

दिवाळीनंतर बदलीचा हुकूम आला. पेणच्या खाडीकडची एका शिक्षकाची शाळा, जिथे पावसाळ्यात गुडघाभर चिखलातून जावं लागतं. बाईंनी वर्गाला आदल्या दिवशी सगळं नीट सांगितलं. कुठे जाणार, का जाणार, परत येणार नाही. हेडसरांना वाटलं, पोरं रडून गोंधळ घालतील. रडली. मग बाईंनी फळ्यावर गणितं दिली आणि पोरांनी नाक पुसत ती सोडवली.

निघायच्या दिवशी बाई कागद घ्यायला रोह्याला आल्या होत्या आणि सकाळच्या पेणच्या एसटीने जाणार होत्या. मी ठरवलं, या वेळी तरी आपण काहीतरी बरं करायचं. कंपनीतून अर्धी सुट्टी काढली, कल्पूला नवा फ्रॉक घातला, पेढ्यांचा पुडा घेतला आणि तिला स्टँडवर घेऊन गेलो.

बाई खिडकीपाशी बसल्या होत्या. कल्पूला पाहून त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांची नजर स्टँडच्या घड्याळाकडे गेली आणि मला कळलं की आपण पुन्हा काहीतरी केलंय.

"अकरा वाजायला आलेत! हिची शाळा नाय काय आज?"

"म्हटलं, तुम्हाला निरोप..."

"निरोप काल झाला आमचा. व्हय ना गो?"

कल्पूने मान हलवली.

"मग हजेरी कोण देणार तुझी? आज नवीन बाई येणार हाय. तिला वर्ग ठाऊक नाय, खडू कुठे असतात ठाऊक नाय. कोण दाखवणार तिला?"

कल्पूने क्षणभर बाईंकडे पाहिलं. मग माझा हात सोडला आणि निघाली. आधी चालत, मग पळत. नवा फ्रॉक सावरत, रिक्षांच्या मधून, शाळेच्या गल्लीकडे. तिने वळून पाहिलं नाही. बाई खिडकीतून अर्ध्या बाहेर वाकून बघत होत्या.

गाडी सुरू झाली. माझ्या हातात पेढे तसेच. आता तरी बोलावं म्हणून मी खिडकीशी गेलो. "बाई, त्या जबाबाचं... मी खरं तर..."

"ती फाटकातून आत गेली का?"

"गेली असेल."

"असेल काय?" कंडक्टरने घंटी मारली होती, गाडी मागे सरत होती, तरी बाईंचा आवाज सगळ्या स्टँडला ऐकू गेला. "असेल काय, मामा? जाऊन बघा!"

मी पळालो. त्यामुळे बाईंची गाडी स्टँडबाहेर पडताना मी पाहिलीच नाही. मी शाळेच्या फाटकाशी धापा टाकत उभा होतो, व्हरांड्यातल्या रांगेत कल्पूची चप्पल होती, आणि आतून तिसरीच्या वर्गातून एक अनोळखी आवाज हजेरी घेत होता.